घरामागची टेकडी 'नॅशनल रिक्रिएशन एरिया'त जाणार म्हणजे नेमकं काय? ('रिम ऑफ द व्हॅली' विधेयक)

सिमीकर:

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी आणि अमेरिकेचे जमीन-कायदे ज्यांना कळतात त्यांच्यासाठी प्रश्न आहे.

सँटा मोनिका माउंटन्स नॅशनल रिक्रिएशन एरियाची हद्द वाढवून सिमी हिल्स, सँटा सुसाना, व्हर्डुगो वगैरे डोंगर आत घ्यायचं विधेयक अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये (संसदेत) कितीतरी वर्षं येतंय आणि जातंय. आमच्या एचओएमध्ये (घरमालकांच्या सोसायटीत) यावरून सरळ दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, टेकड्या कायमच्या वाचतील. दुसऱ्यांचं म्हणणं, सरकार उद्या घरात घुसेल. दोन्हीकडच्या कुणी विधेयक वाचलेलं दिसत नाही. (मीही नाही.)

१) घर किंवा मोकळा प्लॉट हद्दीत आला तर तो सक्तीने घेतला जाऊ शकतो का? खोली वाढवणं, कुंपण घालणं, झाड तोडणं यांवर बंधनं येतात का? बोरिवलीच्या उद्यानाभोवती इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, तसंच काही का?
२) सॅन गॅब्रिएलचं क्षेत्र बायडन यांनी एका सहीत वाढवलं. मग इथेच काँग्रेसची वाट का?
३) हाउसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) मंजूर झालं होतं असं वाचलं. मग अडलं कुठे?
४) पाठिंब्याचं किंवा दुरुस्ती सुचवणारं पत्र द्यायचं तर कसं, कुणाला? ग्रीन कार्डवाल्यांच्या पत्राला किंमत असते का? आणि महाराष्ट्र मंडळासारखी संस्था असं पत्र देऊ शकते का?

कलमबहाद्दर:

पहिल्या प्रश्नाला नीट वेळ देतो, कारण निम्मी भांडणं तिथेच आहेत.

नॅशनल रिक्रिएशन एरियाची हद्द आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सँटा मोनिका माउंटन्सची हद्द १० नोव्हेंबर १९७८ च्या कायद्याने आखली गेली. आत साधारण दीड लाख एकर येतात. त्यातली नॅशनल पार्क सर्व्हिसच्या (संघ सरकारच्या उद्यान खात्याच्या) स्वतःच्या मालकीची जमीन जेमतेम १५ टक्के. बाकी राज्याची उद्यानं, कॉन्झर्व्हन्सी (जमीन राखणारी राज्याची संस्था), काउंटी (जिल्ह्यासारखं प्रशासन), शहरं, आणि निम्म्याच्या आसपास चक्क खाजगी. मालिबूतली घरं, दुकानं, हॉटेलं या हद्दीच्या आत गेली चाळीसेक वर्षं सुखाने नांदतायत.

मग पार्क सर्व्हिसचे नियम खाजगी जमिनीला लागतात का? कोड ऑफ फेडरल रेग्युलेशन्सचं शीर्षक ३६, भाग १.२ वाचा. पार्कचे सर्वसाधारण नियम हद्दीतल्या बिगर-संघीय मालकीच्या जमिनीला लागू नाहीत असं तिथे स्पष्ट लिहिलंय. अपवाद फक्त मालकी न बघता लावण्यासाठीच केलेल्या नियमांचा. खोली वाढवायची तर तुमचा बिल्डिंग परमिट आजही शहर किंवा काउंटी देते, उद्याही तीच देणार. ओक तोडायचा असेल तर अडवणारे नियम काउंटीचे आणि शहराचे आहेत, वॉशिंग्टनचे नाहीत. प्रॉपर्टी टॅक्स, झोनिंग, एचओएचे नियम, सगळं जिथल्या तिथे.

आता सक्तीचं संपादन. इथे शब्द बघावे लागतात. उद्यानाच्या कायद्यात 'जमीन देणगी, खरेदी किंवा अदलाबदलीने मिळवता येईल' असं साधं वाक्य असेल तर वाचणाऱ्याला वाटतं, सरकार फक्त बाजारात उभं राहून विकत घेणार. तसं नाही. १८८८ चा एक जुना कायदा आहे. ज्या अधिकाऱ्याला सार्वजनिक कामासाठी जमीन मिळवायचा अधिकार आहे, त्याला सक्तीच्या संपादनाचा अधिकारही त्यातून मिळतो. म्हणजे नुसता 'खरेदी' शब्द पुरेसा नाही. तो अधिकार काढून घेणारं कलम विधेयकात लिहावंच लागतं.

'रिम ऑफ द व्हॅली' विधेयकात ते आहे. नव्या युनिटमधली बिगर-संघीय जमीन फक्त देणगीने, अदलाबदलीने किंवा राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच घेता येईल, सक्ती नाही. शिवाय हद्दीच्या बाहेर संरक्षक पट्टा निर्माण होत नाही, असंही कलम आहे. म्हणजे हद्दीबाहेरचा एखादा उपयोग आतून दिसतो किंवा ऐकू येतो एवढ्याच कारणावरून तो थांबवता येत नाही. पाणी, वीज आणि पूरनियंत्रणाच्या सध्याच्या सोयी चालू राहतील हेही त्यात येतं. लॉस एंजेलिसच्या डोंगरपायथ्याला दर थोड्या अंतरावर गाळ अडवणारे डेब्री बेसिन आहेत. पावसाळ्याआधी ते उपसले नाहीत तर चिखल खालच्या घरांत शिरतो. त्यामुळे हे कलम शोभेचं नाही.

एचओएच्या सभेत विधेयकाची नवी प्रत आली की आधी ही तीन कलमं शोधा. दर काँग्रेसला (संसदेच्या दर दोन वर्षांच्या मुदतीत) विधेयक नव्याने दाखल होतं आणि कमिटीत मजकूर बदलतो. मागच्या वेळी होतं म्हणून या वेळी असेलच असं धरू नका.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र बदलू शकते. तुमच्या मागच्या कुंपणाला लागून असलेला मोकळा प्लॉट पुढे पार्क सर्व्हिसने विकत घेतला, तर त्या जमिनीवर संघीय नियम लागतील. आगीच्या मोसमाआधी कुंपणापलीकडचं गवत माळ्याला सांगून कापून घ्यायची सवय असते, ते परवानगीशिवाय चालणार नाही. कॅलिफोर्नियात घराभोवती १०० फूट मोकळीक राखायची असते, लॉस एंजेलिस शहरात धोक्याच्या पट्ट्यात २०० फूट. ही मोजपट्टी तुमची हद्द ओलांडून पलीकडे जात असेल तर शेजारची जमीन कुणाची आहे ते दरवर्षी मे महिन्याआधी बघून ठेवा आणि संघीय असेल तर उद्यानाच्या अग्निशमन विभागाला आधी विचारा.

आरेवासी:

बोरिवलीशी तुलना करताना एक घोळ होतो. तेवढाच सांगतो.

भारतात राष्ट्रीय उद्यान १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली होतं. आधी हेतू जाहीर होतो, मग जिल्हाधिकारी लोकांचे हक्क तपासून निकालात काढतो, आणि जमिनीवरचे सगळे हक्क राज्य सरकारकडे आल्यावरच अंतिम अधिसूचना निघते. म्हणजे उद्यानाच्या आत खाजगी हक्क शिल्लकच नसतात. इको-सेन्सिटिव्ह झोन हा त्याच्या बाहेरचा पट्टा, तो केंद्र सरकार पर्यावरण संरक्षण कायद्याखाली काढतं. तिथे जमीन तुमचीच राहते, पण उपयोगावर बंधनं येतात. संजय गांधी उद्यानाचा हा झोन डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झाला.

अमेरिकेतली रिक्रिएशन एरिया या दोन्हींत बसत नाही. आत खाजगी हक्क राहतात, आणि बाहेर पट्टा नसतो. 'नॅशनल' शब्दाने फसू नका.

साम्य एकच आणि ते खरं आहे. कोट्यवधींच्या शहरात मोठं मांजर मोकळं फिरतं अशी उदाहरणं द्यायची झाली की मुंबईचे बिबटे आणि लॉस एंजेलिसचे माउंटन लायन ही दोन नावं हमखास येतात.

दरीकाठ:

दुसरा आणि तिसरा प्रश्न माझ्याकडे.

सॅन गॅब्रिएल हे नॅशनल मॉन्युमेंट आहे, रिक्रिएशन एरिया नाही. मॉन्युमेंट १९०६ च्या अँटिक्विटीज ॲक्टखाली राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने होतं. ओबामांनी ते ऑक्टोबर २०१४ मध्ये केलं, बायडन यांनी २ मे २०२४ ला त्यात जवळपास १,०६,००० एकर घातले. पण हा कायदा फक्त संघ सरकारच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या जमिनीवर चालतो. तिथे अँजेलिस नॅशनल फॉरेस्टची सलग जमीन होती, म्हणून सहीने काम झालं. व्हर्डुगो, सिमी हिल्स, सँटा सुसाना हा प्रकार म्हणजे गोधडी आहे. शहराचा तुकडा, काउंटीचा तुकडा, कॉन्झर्व्हन्सीचा तुकडा, मध्ये खाजगी प्लॉट. इथे राष्ट्राध्यक्षांची सही कामाची नाही.

पार्क सर्व्हिसला स्वतःच्या अधिकारात हद्द सरकवता येते, पण किती? भर २०० एकरांपेक्षा कमी हवी आणि उद्यानाच्या मंजूर संघीय क्षेत्राच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये, मूल्यांकन साडेसात लाख डॉलरच्या आत हवं, ज्यांची जमीन आत-बाहेर होते त्या सगळ्या मालकांची लेखी संमती हवी, आणि तो बदल एखाद्या मोठ्या विस्ताराचा कापून काढलेला तुकडा असता कामा नये. शेवटची अट पळवाट बुजवण्यासाठीच घातलेली आहे. १९९ एकर, पुन्हा १९९ एकर, असं करत डोंगर गिळता येत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात साडेसात लाख डॉलरमध्ये काय येतं हे इथे सांगायला नको. म्हणून कायदा.

आता अडलं कुठे ते क्रमाने बघा.

मे २००८ च्या कायद्याने आधी फक्त अभ्यास मंजूर झाला. साडेसहा लाख एकरांचा परिसर तपासायचा होता. मसुदा लोकांपुढे आला एप्रिल २०१५ मध्ये, अंतिम अहवाल काँग्रेसला गेला फेब्रुवारी २०१६ मध्ये. आठ वर्षं. अहवालाने सुमारे १,७०,००० एकर जोडावेत असं सुचवलं. विधेयकात आकडा १,९१,००० एकरांच्या वर गेला. आठ वर्षं कशात गेली असं वाटेल, पण हा अभ्यास टाळता येत नाही. तो न करता विधेयक आणलं की सुनावणीत पार्क सर्व्हिसचा साक्षीदार 'आधी अभ्यास होऊ द्या' एवढं एक वाक्य बोलतो आणि ते सत्र संपतं.

मग विधेयक. हाउसमध्ये नॅचरल रिसोर्सेस कमिटी, सेनेटमध्ये एनर्जी अँड नॅचरल रिसोर्सेस कमिटी. सुनावणी, मार्कअप (कमिटीत मजकुरावर दुरुस्त्या आणि मतदान), काँग्रेशनल बजेट ऑफिसचा खर्चाचा अंदाज, मग सभागृह. बिनवादाचं उद्यान-विधेयक हाउसमध्ये 'सस्पेन्शन'वर येतं, म्हणजे ४० मिनिटं चर्चा आणि दोन-तृतीयांश मतं. सेनेटमध्ये अशी विधेयकं सर्वानुमतीने जातात. तिथे एका सेनेटरने हरकत घेतली तरी फाइल थांबते, आणि या विधेयकासाठी सेनेट पूर्ण आठवडा खर्च करणार नसते.

रिम ऑफ द व्हॅली एकट्याने पुढे गेलंच नाही. कोलोरॅडो, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया इथल्या वनक्षेत्रांच्या विधेयकांसोबत त्याची मोट बांधली. ती मोट हाउसमध्ये १२ फेब्रुवारी २०२० ला २३१ विरुद्ध १८३ मतांनी आणि २६ फेब्रुवारी २०२१ ला २२७ विरुद्ध २०० मतांनी मंजूर झाली. आकडे बघितलेत? जवळपास पक्षनिहाय. सेनेटमध्ये अशा मतविभागणीला चर्चा संपवून मतदान घ्यायला लागणारी ६० मतं कुठून येणार? मग हाउसने ती मोट संरक्षण खात्याच्या वार्षिक विधेयकाला एकापेक्षा जास्त वेळा बांधून बघितली. दर वेळी अंतिम तडजोडीत ती गळली.

माझं मत विचाराल तर चूक वनक्षेत्रांसोबत बसण्यात झाली. 'वाइल्डरनेस' म्हणजे रस्ता नाही, यंत्र नाही, सायकलही नाही. त्याला डोंगराळ राज्यांतून जो विरोध होतो तो वेगळ्याच जातीचा. राजीखुशीच्या कलमासहित असलेली शहरी रिक्रिएशन एरिया त्या भांडणात नाहक ओढली गेली. अर्थात दुसरी गाडी लागलेली नव्हती हेही खरं.

गाडी हा शब्द मुद्दाम वापरला. असल्या हद्दवाढी बहुधा मोठ्या गठ्ठ्यातच कायदा होतात. मार्च २००९ चा ऑम्निबस कायदा, डिसेंबर २०१४ चं संरक्षण विधेयक, १२ मार्च २०१९ चा डिंगेल कायदा. गाडी स्टेशनात येते तेव्हा विधेयक दोन्ही कमिट्यांतून पार पडून, नकाशा आणि खर्चाच्या अंदाजासह फलाटावर तयार उभं असावं लागतं. तिकीट काढायला धावलात की गेली. आणि प्रत्येक काँग्रेस दोन वर्षांची. ती संपली की मंजूर न झालेलं सगळं रद्दी, पुन्हा नवा क्रमांक, पुन्हा पहिल्यापासून.

विधेयक हाउसमध्ये सातत्याने मांडणारे ॲडम शिफ डिसेंबर २०२४ पासून सेनेटर आहेत. हाउसमध्ये मंजूर झालेल्या विधेयकाची खरी अडचण सेनेटमध्येच होती, त्यामुळे ही नोंद करण्यासारखी आहे.

सिमीकर:

तिघांचेही आभार. दोन गोष्टी राहिल्या. माझा प्लॉट रेषेच्या आत आहे की बाहेर हे कसं कळणार? विधेयकात सर्व्हे नंबर, गट नंबर असं काहीच दिसत नाही. आणि एवढं सगळं होऊनही सक्ती नाही, बंधन नाही, पैसेही नाहीत, तर रेषा आखून मिळतं काय?

नकाशेवाला:

सर्व्हे नंबर नसतातच. विधेयकात एक वाक्य असतं: 'अमुक शीर्षकाचा, तमुक क्रमांकाचा, या महिन्या-सालाचा नकाशा'. क्रमांकात आधी उद्यानाचा तीन अंकी आकडा, तिरकी रेघ, मग नकाशाचा आकडा. कायदेशीर हद्द म्हणजे तो नकाशा. तो पार्क सर्व्हिसच्या कार्यालयात बघायला ठेवलेला असतो, आणि त्यांच्या संकेतस्थळावर किंवा खासदाराच्या कार्यालयाकडे मागितल्यावर पीडीएफ मिळते.

तपासायची रीत अशी. मालमत्ता कराच्या बिलावर असेसर्स पार्सल नंबर असतो, लॉस एंजेलिस काउंटीत तो दहा आकडी: पहिले चार नकाशा-पुस्तकाचे, पुढचे तीन पानाचे, शेवटचे तीन प्लॉटचे. आपल्या सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखाच प्रकार. काउंटीच्या असेसरच्या (मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) संकेतस्थळावर तो नंबर घातला की प्लॉटची आकृती दिसते. मग विधेयकाच्या नकाशावरचे रस्ते, ओढे, वीजवाहिनी यांचा ताळा घेऊन दोन्ही जुळवा. जीआयएस येत असेल तर पार्सलची आणि प्रस्तावित हद्दीची फाइल एकावर एक टाका, पाच मिनिटांचं काम.

गफलत इथे होते. काँग्रेससाठीचा नकाशा एका पानावर लाखो एकर दाखवतो. त्यावरची जाड रेघ जमिनीवर शंभर-दोनशे फूट सहज व्यापते. रेघ तुमच्या प्लॉटवरून गेलेली दिसली तर पीडीएफ मोठी करून डोळे फोडू नका. उद्यानाच्या लँड्स ऑफिसला पार्सल नंबर देऊन 'आत की बाहेर' असं लेखी विचारा. रेषा मुळात पार्सलच्या कडांवरून ओढलेली असते, त्यामुळे त्यांच्या फाइलीत उत्तर निश्चित असतं. दाट वस्ती शक्यतो बाहेरच ठेवलेली आहे, पण टेकडीला चिकटलेल्या शेवटच्या रांगेतल्या मोठ्या प्लॉटांनी नक्की तपासावं.

आणखी एक. कमिटीत दुरुस्ती झाली की नकाशाची तारीख बदलते. जुनी पीडीएफ एचओएच्या ग्रुपवर फिरत राहते आणि लोक त्यावरून भांडत बसतात. विधेयकातला क्रमांक-तारीख आणि नकाशाच्या कोपऱ्यातली चौकट, दोन्ही जुळली तरच पुढे बोला.

तिरकस:

रेषा आखून काय मिळतं? पहिल्या दिवशी जवळजवळ काहीच नाही. पाठिंबा देणारे हे सांगत नाहीत म्हणून मी सांगतो.

काँग्रेस परवानगी एका कायद्यात देते आणि पैसे दुसऱ्यात. रेषा आखली म्हणून रेंजर वाढत नाहीत. पार्क सर्व्हिसची रखडलेली दुरुस्ती २३ अब्ज डॉलरच्या घरात गेलेली आहे, आणि विस्ताराच्या सुनावणीत हा मुद्दा निघतोच. विधेयकात तीन वर्षांत व्यवस्थापन आराखडा सुधारा असं आहे. त्याला माणसं कुठून आणणार हे नाही.

जमीन लँड अँड वॉटर कॉन्झर्वेशन फंडातून घ्यायची असते. ऑगस्ट २०२० च्या कायद्याने त्याला दरवर्षी ९० कोटी डॉलर पक्के झाले, पण ते पूर्ण देशासाठी, आणि त्यातले निदान ४० टक्के राज्यांचे. त्या रांगेत सगळी उद्यानं, वनं, अभयारण्यं उभी. विकायला तयार असलेला मालक तीन-चार वर्षं थांबत नाही, बिल्डर सहा महिन्यांत चेक देतो. सरकारी मूल्यांकन 'यलो बुक'च्या (संघीय जमीन-मूल्यांकनाच्या नियमपुस्तिकेच्या) नियमांनी होतं आणि खरेदीचा भाव त्याला बांधलेला असतो. शेजारच्या प्लॉटला काय भाव आला हे सांगून घासाघीस करता येत नाही.

म्हणून मधल्यामध्ये लँड ट्रस्ट (जमीन विकत घेऊन राखणारी बिनसरकारी संस्था) लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला मोंतारा इथलं रँचो कोराल द तिएरा बघा. पेनिन्सुला ओपन स्पेस ट्रस्टने ते २००१ मध्ये विकत घेऊन धरून ठेवलं. गोल्डन गेट रिक्रिएशन एरियाची हद्द वाढवणारा कायदा डिसेंबर २००५ मध्ये झाला. जमीन प्रत्यक्ष पार्क सर्व्हिसच्या हातात आली २०११ च्या अखेरीस. ट्रस्टच्या जिवावर दहा वर्षं. आणि हे यशस्वी उदाहरण!

पुढची गंमत तिथेच झाली. लोक त्या टेकडीवर वर्षानुवर्षं कुत्रे मोकळे फिरवत होते. जमीन संघीय झाली आणि सहा फुटी दोरीचा नियम लागला. हस्तांतरानंतर काही आठवड्यांत, जानेवारी २०१२ मध्ये, दोरीशिवाय कुत्रे नेणाऱ्या एका माणसावर रेंजरने टेझर (विजेचा झटका देणारं शस्त्र) चालवला आणि नव्या विस्ताराची पहिली मोठी बातमी ती झाली. तुमच्या टेकडीवर आज जे चालतं, मोकळे कुत्रे, माउंटन बाइक, ड्रोन, ते जमीन विकत घेतली गेल्यावर चालेलच असं नाही. आता मागून घ्या, नंतर बोंबलू नका.

दरीकाठ:

तिरकसराव, कुत्र्यांचं आणि पैशांचं मान्य. पण 'काहीच नाही' हे मान्य नाही.

हद्दीबाहेर पार्क सर्व्हिस एक एकरही सहजासहजी विकत घेऊ शकत नाही, मालक फुकट देत असला तरी अडचण येते. रेषेच्या आत तो दरवाजा उघडतो. आणि इथे घाई का, ते नकाशावर दिसतं. सँटा मोनिकाचे डोंगर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला १०१ फ्रीवे यांत कोंडलेले आहेत. २००२ पासून पार्क सर्व्हिस तिथल्या माउंटन लायनना पट्टे लावून अभ्यास करतेय. आतल्या आत प्रजनन होऊन जनुकीय विविधता घसरली. पी-२२ हा नर दोन फ्रीवे ओलांडून ग्रिफिथ पार्कपर्यंत पोचला आणि डिसेंबर २०२२ पर्यंत तिथेच एकटा राहिला, जोडीदारीण त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

लिबर्टी कॅन्यनला १०१ वर वन्यजीव पूल बांधायला एप्रिल २०२२ मध्ये सुरुवात झाली. आता प्रश्न विचारा: पुलावरून उत्तरेला उतरलेलं जनावर जाणार कुठे? सिमी हिल्स, मग ११८ फ्रीवे, मग सँटा सुसाना, मग लॉस पाद्रेसचं वन. पुलाच्या पलीकडच्या टोकाला मोक्याचे चार खाजगी प्लॉट बांधले गेले तर कोट्यवधी डॉलरचा पूल कुंपणाला जाऊन टेकेल. नवी हद्द नेमकी त्या साखळीवर आखली आहे. सगळी जमीन घ्यायची गरजच नाही, मोक्याच्या खिंडी घेतल्या तरी पुरतं.

बाकी, काउंटीचं करउत्पन्न बुडेल हा आक्षेप सभेत आला तर सांगा: उद्यानासाठी खाजगी जमीन घेतली की पहिली पाच वर्षं काउंटीला बाजारभावाच्या एक टक्का भरपाई देण्याची कायद्यात तरतूद आहे, आधीच्या कराच्या रकमेपर्यंत.

सिमी हिल्समधल्या सँटा सुसाना फील्ड लॅबचंही कुणीतरी काढेलच. १९५९ मध्ये तिथली अणुभट्टी अंशतः वितळली होती. रेषेत आली म्हणून सफाईची जबाबदारी पार्क सर्व्हिसकडे जात नाही. घेण्याआधी प्रत्येक जमिनीची प्रदूषण-तपासणी होते, आणि दूषित जमीन तशीच ताब्यात घेत नाहीत.

कलमबहाद्दर:

चौथा प्रश्न सगळ्यांनी मागे ठेवलाय.

पत्र कोणीही देऊ शकतो, नागरिकत्व लागत नाही. कार्यालय बघतं ते मतदारसंघातला पत्ता. म्हणून पहिल्याच ओळीत पत्ता आणि नऊ आकडी झिप लिहा. एच-वनबीवाल्यांनी पत्र द्यावं, निवडणूक निधीला मात्र हात लावू नये, तो अधिकार फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना आहे.

मंडळ ५०१(सी)(३) (करमुक्त धर्मादाय संस्था) असेल तर विधेयकावर मत देता येतं, उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. 'लॉबिंग' किती चालेल याची मोजपट्टी हवी असेल तर करकायद्यातल्या ५०१(एच) चा पर्याय निवडा. त्यात लहान संस्थेला कामावरच्या खर्चाच्या पाच लाख डॉलरपर्यंतच्या भागाचे २० टक्के यावर खर्च करता येतात. एका पत्राला किती खर्च येतो? टपालाचा.

पत्र एक पानाचं. विधेयकाचा क्रमांक, कलम, नकाशाचा क्रमांक आणि तारीख, मग एकच मागणी. 'निसर्ग वाचवा' अशी पत्रं मोजली जातात, वाचली जात नाहीत. 'कलम अमुकमध्ये राजीखुशीच्या विक्रीची अट कायम ठेवा' किंवा 'नव्या युनिटच्या आराखड्यात सध्याच्या फायर रोडवर सायकलींचा विचार व्हावा, असं जोडा' हे वाचलं जातं, कारण कर्मचाऱ्याला ते थेट मार्कअपच्या टिपणात उतरवता येतं. कुत्र्यांची मागणीही याच टप्प्यावर लिहा. व्यवस्थापन आराखड्याच्या वेळी पुन्हा जाहीर सूचना मागवल्या जातात, तेव्हा हेच पत्र दुसऱ्यांदा द्या.

वेळ साधा. सुनावणी झाल्यावर हाउसच्या कमिटीत नोंद साधारण दहा कामाचे दिवस उघडी असते, सेनेटमध्ये दोन आठवडे. त्या मुदतीत आलेलं पत्र अधिकृत कार्यवाहीत छापलं जातं, नंतरचं फाइलला लागतं. एचओएचा ठराव असेल तर सभेची तारीख आणि मतं घाला. लॉस एंजेलिस शहरात असाल तर नेबरहुड कौन्सिलकडून ठराव करून घ्या, त्यांची सभा महिन्यातून एकदाच असते, म्हणजे विषय अजेंड्यावर टाकायला सुनावणी जाहीर होण्याची वाट बघून चालणार नाही.

सिमीकर:

पार्सल नंबर तपासला. घर बाहेर, पण मागचा बारा एकरांचा मोकळा तुकडा आत दिसतोय. मालक एक ट्रस्ट आहे, पत्ता दुसऱ्या राज्यातला. लँड्स ऑफिसला लेखी विचारतो. पुढच्या सभेला ती तीन कलमं छापून नेतोय. गवताचं काय ते मात्र या मेआधीच विचारावं लागणार, कारण कापणारा माळी नेमका तिथेच उभा राहून काम करतो.